घरच्या अंगणात बदललेले स्टेअरिंग : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला निदेशक म्हणून शिकवतो. पुढील प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातील एका गावात घडले. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून माणसांची नावे आणि गाडीचे मॉडेल दिलेले नाही. बाकी तपशील घडला तसा आहे. या कामात माझाही हात होता आणि त्यातली पहिली चूक माझीच होती, म्हणून हे लिहून ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

गाडी 2013 सालची, छोटी, पेट्रोलवर चालणारी. मालकांनी ती 2018 मध्ये एका ओळखीच्या माणसाकडून जुनी विकत घेतली होती. मालक कापूस, तूर आणि सोयाबीन घेणारे शेतकरी. त्यांच्या वडिलांना दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी यवतमाळला न्यावे लागते. पहाटे निघायचे, दुपारच्या उन्हात परत यायचे, असा त्या घराचा नेम आहे. त्यामुळे ही गाडी त्या घरात हौसेची वस्तू नाही. कोणतीही दुरुस्ती मंगळवार आणि शुक्रवार यांच्या मधल्या दिवसांतच बसवावी लागते, आणि पुढचे बहुतेक निर्णय याच अटीभोवती फिरले.

अडचण

गाडी वर्षानुवर्षे टिनाच्या उघड्या शेडखाली उभी राहत होती. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो आणि बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी अधिक ताप साचतो. त्या तापाने स्टेअरिंगच्या कड्यावरचा फोम आधी चिकट झाला, मग फुटू लागला. डाव्या हाताची पकड जिथे असते तिथे बोटभर लांबीचा तुकडा निघून आतली धातूची सळई उघडी पडली होती. दुपारी तिला हात लावला की चटका बसे, आणि वडिलांना उतरवताना मालकांच्या तळहाताचा काळा चिकटा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उमटे.

यावर मालकांनी बाजारातले तयार कव्हर चढवले होते. ते कव्हर सैल होते. एप्रिलमध्ये गावाबाहेरच्या मोरीजवळ वळण घेताना कव्हर हातात फिरले आणि स्टेअरिंग जागच्या जागी राहिले. समोरून बैलबंडी येत होती. गाडी कडेच्या मुरमात उतरून थांबली, कोणाला इजा झाली नाही. पण त्या दिवसापासून मालकांनी स्टेअरिंग बदलायचे पक्के केले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय नवे, घट्ट, दोऱ्याने शिवून बसवायचे कव्हर घेण्याचा होता. खर्च सर्वांत कमी. परंतु खालचा फोमच सुटा झाला असेल तर वरचे कव्हर कितीही घट्ट शिवले तरी ते फोमसकट सरकते, आणि मोरीजवळ नेमके तेच घडले होते. हा पर्याय मालकांनी स्वतःच बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय मालकांच्या पुतण्याला आवडला होता. बाहेरून मिळणारे, आकाराने लहान, तीन दांड्यांचे शोभेचे स्टेअरिंग आणि ते बसवण्यासाठी मधला जोडभाग. मी त्याला स्पष्ट विरोध केला. अशा स्टेअरिंगमध्ये एअरबॅग नसते, त्यामुळे गाडीत ती असेल तर आपण आपल्याच हाताने काढून टाकतो. शिवाय मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात असा बदल अडचणीचा ठरू शकतो.

तिसरा पर्याय यवतमाळच्या कार्यशाळेत नवे मूळ स्टेअरिंग मागवून बसवून घेण्याचा. अंदाज 7,500 रुपयांचा मिळाला आणि भाग यायला आठ दिवस लागतील असे सांगण्यात आले. कापसाचे पैसे येऊन गेलेले, खरिपाचे बियाणे आणि खत डोक्यावर, अशा वेळी ही रक्कम मालकांना जड होती. तरीही सुरक्षिततेच्या दृष्टीने हाच सर्वांत सरळ मार्ग होता, हे येथे नोंदवले पाहिजे.

चौथा पर्याय त्याच मॉडेलचे, त्याच प्रकारचे जुने पण चांगल्या स्थितीतले स्टेअरिंग आणून घरी बदलण्याचा. पुतण्याने नागपूरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून ते 1,800 रुपयांना आणले. आणताना त्याने ते सपाट फरशीवर पालथे ठेवून कडे कुठे उचलले जाते का ते पाहिले होते. अपघातग्रस्त गाडीतले वाकलेले स्टेअरिंग विकले जाते, म्हणून ही तपासणी मोलाची होती. त्याने केवळ कडे आणि दांड्या घेतल्या, मधली गादी, म्हणजे हॉर्नचे झाकण, जिच्या आत एअरबॅग असू शकते, ती घेतली नाही, हेही योग्यच झाले. जुनी एअरबॅग विकत घेऊ नये. ती कशी हाताळली गेली, भिजली की पडली, हे बाहेरून पाहून कोणालाही सांगता येत नाही.

बुधवारची संध्याकाळ

माझी चूक येथे झाली. बुधवारी संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. हॉर्नचे झाकण कसे काढायचे, एवढाच त्याचा प्रश्न होता. आमच्या संस्थेत शिकवण्यासाठी एक जुनी, एअरबॅग नसलेली गाडी आहे. तिचे हॉर्नचे झाकण नुसते ओढले की निघते. माझ्या डोळ्यांपुढे तीच गाडी होती, आणि मी म्हणालो, "खालच्या कडेला पेचकस घालून हळूच उचल." गाडी कोणत्या सालची, कोणत्या प्रकारची, हे मी विचारले नाही.

दहा मिनिटांनी पुन्हा फोन. "सर, झाकण निघूनच नाही राह्यलं. महाराजांचा फोटो काढला तं खाली इंग्रजीत काहीतरी लिहेल दिसते." स्टेअरिंगच्या मधोमध शेगावच्या गजानन महाराजांचा गोल स्टिकर होता. गाडी घेतल्याच्या दिवशीच मालकांच्या वडिलांनी तो श्रद्धेने लावला होता. पेचकसाला आधार मिळावा म्हणून पुतण्याने तो जपून सोडवला, तेव्हा त्याखाली उठावाची अक्षरे दिसली. त्याने फोटो पाठवला. डिंकाच्या पिवळट वर्तुळात, धुळीने भरलेली, तरी स्वच्छ वाचता येणारी : एसआरएस एअरबॅग. बॅटरी अजून जोडलेली होती.

मी त्याला पेचकस खाली ठेवून गाडीतून बाहेर यायला सांगितले. त्यानंतर चावी बंद असल्याची खात्री करून बॅटरीची मायनसची तार 10 नंबरच्या पान्याने काढायला, ती पोलाला लागणार नाही अशी बाजूला बांधायला, आणि मी सकाळी येईपर्यंत स्टेअरिंगला हात न लावायला सांगितले. एअरबॅग सुमारे 30 मिलिसेकंदांत फुगते. तोंड आणि हात तिच्यावर वाकलेले असताना ती उघडली असती तर काय झाले असते, याचा विचार त्या रात्री माझ्या मनातून गेला नाही.

मालकांना आपल्या गाडीत एअरबॅग आहे हे ठाऊकच नव्हते. 2013 च्या सुमारास छोट्या गाड्यांत ती बहुधा वरच्या किमतीच्या प्रकारातच मिळे, आणि जुनी गाडी घेताना तो प्रश्न कोणी विचारला नव्हता. 1 जुलै 2019 पासून बनणाऱ्या गाड्यांत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. म्हणजे यापुढे खेड्यात येणाऱ्या जुन्या गाड्यांत ती असणारच, हे अंगणात काम करणाऱ्या प्रत्येकाने गृहीत धरायला हवे.

गुरुवारचे काम

सकाळी साडेसहाला, ऊन चढण्याआधी, काम सुरू केले. बॅटरी रात्रभर सुटलेली असल्याने वाट पाहण्याचा प्रश्न नव्हता. एरवी तार काढल्यावर निदान दहा मिनिटे थांबावे असे मी सांगतो, कारण एअरबॅगच्या नियंत्रकात थोडी वीज साठवलेली असते आणि ती उतरायला वेळ लागतो. पुढची चाके सरळ केली. चावी आतच ठेवून स्टेअरिंगचे कुलूप सुटे राहू दिले. कुलूप लागलेले असताना मधला नट सोडण्याचा जोर लावला तर तो सगळा त्या कुलपाच्या बारीक खिट्टीवर येतो आणि ती तुटू शकते. म्हणून जोर लावताना कडे माणसाने हातांनीच धरायचे असते.

गादी धरून ठेवणारे दोन बोल्ट स्टेअरिंगच्या मागच्या बाजूस, डावीकडे आणि उजवीकडे होते. त्यांचे डोके चांदणीच्या आकाराचे असते आणि साधा पेचकस तिथे चालत नाही. त्यासाठीचा बिट पुतण्याने आदल्या रात्री दारव्ह्याहून 150 रुपयांना आणून ठेवला होता. गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली, बोल्ट सोडले, गादी पुढे घेतली आणि मागचा पिवळा जोड त्याची खिट्टी उचलून सोडवला. पिवळा रंग म्हणजे एअरबॅगची तार, एवढे तरी प्रत्येकाच्या लक्षात राहावे. गादी छातीपासून दूर, तोंड बाहेरच्या बाजूस करून नेली आणि घरातल्या कडप्प्याच्या ओट्यावर, सावलीत, तोंड वर करून ठेवली. पालथी ठेवली आणि चुकून उघडली तर ती स्वतःच वर उडते, म्हणून हा नियम आहे. तारांना मीटर लावून तपासायचे नाही, हेही पुतण्याला बजावले.

आता मधला नट. तो पूर्ण न काढता तीन-चार आट्यांवर ठेवायचा आणि मग कडे डावी-उजवीकडून आलटून पालटून ओढायचे. नट नसेल तर सुटलेले स्टेअरिंग सरळ तोंडावर येते. आमचे स्टेअरिंग मात्र हलेना. शेजारचे ट्रॅक्टर मिस्त्री मदतीला आले होते. ते म्हणाले, "ट्रॅक्टरचं असंच निघते भाऊ. नट राहू द्या वरून अन् दोन ठोके द्या." त्यांचा अनुभव खोटा नव्हता; ट्रॅक्टरवर त्यांनी अशी कितीतरी स्टेअरिंग काढली आहेत. परंतु कारच्या स्टेअरिंगचा दांडा अपघातात चालकाच्या छातीत घुसू नये म्हणून दबला जाईल असा बनवलेला असतो, आणि अनेक गाड्यांत त्यासाठी आत प्लास्टिकच्या बारीक पिना असतात. वरून घातलेला घाव त्या पिनांवर जातो. दांडा बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून खिळखिळा होतो. हे सांगितल्यावर मिस्त्रींनी हातोडा ठेवला आणि स्वतःच घरून दोन बोल्टांचा पुलर, म्हणजे ठोके न देता ओढून काढणारे अवजार, आणला. पुलरने चार फेऱ्यांत, टक् असा आवाज होऊन, स्टेअरिंग सुटले. त्या दिवशीचे सर्वांत अवघड पाऊल त्यांच्यामुळे सुरक्षित पार पडले.

स्टेअरिंगमागे एक गोल चकती असते. तिच्यात पट्टीसारखी चपटी तार गुंडाळलेली असते आणि ती फिरत्या स्टेअरिंगपर्यंत हॉर्नची व एअरबॅगची वीज पोहोचवते. ती मध्यावर असेल तरच दोन्ही बाजूंना पुरते. मध्य चुकला तर पूर्ण वळणावर तार तुटते. म्हणून कडे निघताच ती चकती मी चिकटपट्टीने जागच्या जागी बांधली.

नवे कडे बसवले, नट टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळला. छोट्या गाड्यांत हा टॉर्क साधारण 30 ते 50 न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, पण नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. आम्ही तसाच घेतला. मग मी हात धुवायला नळावर गेलो, आणि तेवढ्यात हॉर्न वाजला.

पुतण्याने, हॉर्न चालतो का ते गादी बसवण्याआधीच पाहावे म्हणून, बॅटरीची तार लावली होती, चावी फिरवली होती आणि हॉर्नची तार लोखंडाला टेकवली होती. हेतू चांगला होता. परंतु पिवळा जोड उघडा असताना चावी चालू झाली की नियंत्रकाला एअरबॅग तुटल्यासारखी दिसते आणि तो दोष तो नोंदवून ठेवतो. डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागला. पुन्हा तार काढली, थांबलो, गादी जोडून बसवली, मग समोर कोणीही न बसता बाजूच्या खिडकीतून हात घालून चावी फिरवली. दिवा काही सेकंदांनी विझायला हवा होता. तो विझला नाही.

गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर हळू चालवून पाहिले तेव्हा दुसरी गोष्ट कळली. गाडी सरळ जात होती, पण स्टेअरिंग उजवीकडे कललेले होते. दांड्याच्या बारीक दात्यांवर ते एक दात पुढे बसले होते. दाते 36 असतील तर एका दाताची चूक म्हणजे 10 अंश, आणि नजरेला ती लगेच खुपते. पुतण्याने पांढऱ्या रंगाची खूण केली होती, मात्र ती जुन्या कड्याला आणि दांड्याला जोडून होती. जुने कडे बाजूला गेल्यावर त्या खुणेचा अर्धा भागही त्याच्याबरोबर गेला.

शुक्रवारचा निर्णय

गुरुवारी दुपारी प्रश्न उभा राहिला. उद्या पहाटे वडिलांना याच गाडीने न्यायचे का? गाडी चालत होती, ब्रेक ठीक होते, स्टेअरिंग पक्के होते. मालकांचे म्हणणे असे, की कालपर्यंत एअरबॅग आहे हेच माहीत नव्हते, मग आज दिवा लागला म्हणून अडायचे कशाला? या म्हणण्यात तथ्य होते. पण लाल दिवा लागलेला असताना एअरबॅग गरजेच्या क्षणी उघडेल याची खात्री धरता येत नाही, आणि कललेल्या स्टेअरिंगवर पहाटेच्या अंधारात 40 किलोमीटर जाणे त्या हाताला सवयीचे नव्हते. थकलेला रुग्ण सोबत असताना कोणतीही शंका बाळगू नये, असे माझे मत मी मांडले. बराच वेळ विचार करून मालकांनी गावातली जीप 1,600 रुपयांना ठरवली.

त्याच दिवशी दारव्ह्यातल्या टायरच्या दुकानात पुतण्याने चौकशी केली, तेव्हा चाकांकडचे टायरॉड (स्टेअरिंगचे वळण चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्या) फिरवून स्टेअरिंग सरळ करून देतो असे त्याला सांगितले गेले. ते मी करू दिले नाही. चाकांची जुळणी बिघडलेली नव्हती. चूक वर, दात्यांवर होती. ती खालून झाकली असती तर स्टेअरिंग सरळ दिसले असते, पण खालच्या स्टेअरिंग यंत्रणेचा मध्य कायमचा चुकलेला राहिला असता.

परिणाम

शनिवारी सकाळी सगळे पुन्हा उघडले, त्याच क्रमाने, बॅटरीपासून. या वेळी चाके सरळ ठेवून खूण दांड्याच्या टोकावर, घड्याळातल्या बाराच्या जागी केली, आणि नवे कडे तिच्याशी जुळवून बसवले. रस्त्यावर स्टेअरिंग सरळ आले. दुपारी मालक एकटेच, पट्टा लावून, सावकाश यवतमाळला गेले. तिथे स्कॅनरवर चालकाच्या एअरबॅगचा एकच जुना दोष दिसला, तो पुसल्यावर पुन्हा आला नाही, आणि दिवा विझला. यासाठी 500 रुपये लागले.

एकूण खर्च 4,050 रुपये झाला. त्यातले 2,100, म्हणजे अर्ध्याहून अधिक, स्कॅनरचे आणि जीपचे. महाराजांचा स्टिकर आता मागच्या काचेवर आहे. गादीवर काहीही चिकटवू नये, ती फाटते तेव्हा वरची वस्तू अंगावर येते, हे समजावल्यावर आजोबांनी तो स्वतःच्या हाताने तिथे लावला.

काय वेगळे करता आले असते

मी फोनवर तीन गोष्टी विचारायला हव्या होत्या. गाडी कोणत्या सालची, मधल्या गादीवर काही अक्षरे आहेत का, आणि चावी चालू करताच डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझतो का. तिसऱ्या प्रश्नाला अवजार लागत नाही, अर्धे मिनिट पुरते, आणि स्टिकरखाली काहीही लपलेले असले तरी उत्तर मिळते.

काम सुरू करण्याआधी गाडी सरळ रस्त्यावर चालवून, सोबत बसलेल्याने स्टेअरिंगचा फोटो घ्यायला हवा होता. जुने स्टेअरिंग आधीपासून किती सरळ होते हे आमच्यापैकी कोणालाच नक्की सांगता आले नाही, आणि गुरुवारी कल पाहिल्यावर तो जुना की नवा यावर अर्धा तास गेला.

चौथा पर्यायच निवडायला हवा होता का, याचे माझे उत्तर सावध आहे. एअरबॅग नसलेल्या गाडीत, पुलर आणि टॉर्क पाना हाताशी असेल तर, हे काम अंगणात करायला हरकत नाही. एअरबॅग असेल आणि जाणता माणूस शेजारी नसेल, तर आठ दिवस थांबून कार्यशाळेचा मार्ग धरावा, असे मी आता सांगतो.

हॉर्नच्या घटनेचा दोष मी पुतण्याला देत नाही. काय करू नये ते मी त्याला सांगितले होते. बॅटरी कधी जोडायची आणि कोणी जोडायची, हे सांगितले नव्हते. आता संस्थेत हे काम शिकवताना बॅटरीची तार काढली की तो 10 नंबरचा पाना मी माझ्या खिशात ठेवतो, आणि गादीमागचा पिवळा जोड खटकन बसल्याचा आवाज स्वतः ऐकल्यावरच तो मुलांच्या हातात परत देतो.